नावानिशी हजेरी

२४ जानेवारी १९४३ रोजी पॅरिसच्या उत्तरेकडील काँपिएन्य येथून एक आगगाडी ऑश्विट्झकडे निघाली. तिच्यात २३० स्त्रिया होत्या. बहुतेकजणी नाझी अंमलाविरुद्धच्या भूमिगत चळवळीतल्या. कुणी पत्रके वाटली होती, कुणी निरोप पोचवले होते, कुणी फरारी माणसांना घरात थारा दिला होता. छावणीत त्यांच्या हातावर ३१ हजारांच्या मालिकेतले क्रमांक गोंदले गेले. युद्ध संपल्यावर त्यांच्यापैकी ४९ जणी परतल्या.

शार्लोट देल्बो ही त्यांतली एक. फ्रान्समधले मोठे नट-दिग्दर्शक लुई जूवे यांची ती साहाय्यक. १९४१ मध्ये ती जूवे यांच्या नाटक मंडळीबरोबर दक्षिण अमेरिकेत सुरक्षित होती, पण पतीसोबत लढायचे म्हणून मायदेशी परतली. पुढच्याच मार्चमध्ये दोघांना अटक झाली आणि मे महिन्यात पतीला गोळ्या घातल्या गेल्या. फॅसिझमच्या कैदेत पिचलेल्या स्त्रियांचे स्मरण नाटकातून करावे का, केले तर कसे, या प्रश्नाचा विचार देल्बोपासून सुरू करावा असे आम्हाला वाटते. कारण या स्त्रियांच्या वाट्याला नाटक नंतर श्रद्धांजली म्हणून आले नाही. ते त्यांनी छावणीतच केले होते.

ऑश्विट्झजवळ राइस्को येथे शेतीचे एक प्रयोगकेंद्र होते. तिथे हलवलेल्या मोजक्या फ्रेंच स्त्रियांनी मोलिएरचे ‘ल मालाद इमाजिनेर’ हे प्रहसन बसवले. अत्र्यांच्या ‘कवडीचुंबक’मुळे मोलिएर मराठी प्रेक्षकाला परका नाही. त्याच मोलिएरचे हे आपण आजारीच आहोत असे मानून बसलेल्या, औषधांपायी वेड्या झालेल्या माणसाचे नाटक. संहिता जवळ नव्हती. एकीने आठवेल तसे अंक लिहून काढले, मिळेल त्या कपड्यांचे पोशाख झाले, तालमी झाल्या आणि एका रविवारी बराकीत प्रयोग झाला. बाहेर धुराडी धूर ओकत असताना आपण त्या नाटकावर पूर्ण विश्वास ठेवला, हेच देल्बोला पुढे थोर वाटले.

राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीत जेर्मेन तियों यांनी तर थेट छावणीवरच संगीतिका लिहिली. तियों मानववंशशास्त्रज्ञ. अल्जीरियातल्या डोंगराळ भागात त्यांनी संशोधन केले होते. १९४४ च्या शरदात मैत्रिणींनी त्यांना एका खोक्यात दडवले आणि तिथे बसून त्यांनी ‘ल फरफ्यूगबार ओझ आंफेर’ लिहिले. त्यात एक निसर्गशास्त्रज्ञ रंगमंचावर येऊन कैदी बाई या नव्या ‘प्रजाती’वर व्याख्यान देतो, आणि मधूनमधून ओळखीच्या चालींवर गाणी येतात. मैत्रिणींना हसू यावे आणि आपल्यावर काय चालले आहे ते नीट कळावे, असे दोन्ही हेतू त्यात होते. त्याच छावणीत तियों यांच्या आईला विषारी वायूने मारण्यात आले. हे हस्तलिखित बचावले, पण तियों यांनी ते साठ वर्षे छापले नाही. मृतांच्या आठवणीशी विनोदाचा मेळ कसा घालायचा, असा संकोच असावा. २००७ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, पॅरिसच्या शातले नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला.

हे ध्यानात घेतले की आज होणाऱ्या अनेक स्मरणप्रयोगांतली उणीव डोळ्यांत भरते. पट्ट्यापट्ट्यांचे गणवेश, मुंडण केलेली डोकी, कुत्र्यांचे भुंकणे, शिट्ट्या आणि किंकाळ्या. प्रेक्षक हादरतो, पण त्या बाईची बुद्धी, तिचे राजकारण, तिचा खट्याळपणा त्याला भेटतच नाही. ज्यांनी तिला केवळ एक देह ठरवले, त्यांच्याच नजरेने आपण तिला पुन्हा पाहतो. देल्बोने हा धोका ओळखला होता. १९७४ च्या तिच्या नाटकात सगळी पात्रे स्त्रियांची आहेत. छळाचे हुबेहूब चित्रण त्यात नाही. त्या बोलत राहतात आणि एकेक करून कमी होत जातात.

विधींबाबतही हाच विवेक हवा. मे २०१५ मध्ये तियों आणि राव्हेन्सब्रुकमधल्याच जनव्हिएव द गोल-आंतोनियोज यांना पॅरिसच्या पाँथेआँ या राष्ट्रीय स्मारकात मानाचे स्थान मिळाले. देह हलवायला दोन्ही कुटुंबांची तयारी नव्हती, म्हणून शवपेट्यांत त्यांच्या कबरींवरची माती ठेवली गेली. राष्ट्राचा सोहळा कुटुंबाच्या इच्छेपुढे थांबला, हे आम्हाला मोलाचे वाटते. राव्हेन्सब्रुकला जिथे राख टाकली जात असे, त्या तळ्यात लोक स्मरणदिनी फुले सोडतात. त्याला भाषण लागत नाही.

पण सगळ्यात अर्थपूर्ण विधी आम्हाला नाववाचनाचा वाटतो. छावणीतल्या हजेरीला बायका पहाटेच्या अंधारात, बर्फात तासन्‌तास उभ्या असत. मोजणी जुळेपर्यंत कुणी हलायचे नाही. रात्री मेलेलीही मोजली जाई. त्या हजेरीत आकडा भरला की काम झाले. देल्बोने १९६५ मध्ये या हजेरीला दिलेले उत्तर म्हणजे ‘ल काँव्हुआ द्यु २४ जानव्हिए’ हे पुस्तक : २३० जणींच्या वर्णानुक्रमाने नोंदी. कोण कुठली, काय काम करायची, कशी पकडली गेली, कशाने गेली, मागे कोण राहिले. हयात मैत्रिणींच्या मदतीने तिने ही माहिती जमवली. स्मरणाचा कोणताही प्रयोग असल्या कष्टाच्या कामावरच उभा राहू शकतो.

असल्या नोंदी रंगमंचावर वाचायला मोठी नटी लागत नाही. शाळेतली मुलगीही एका बाईची नोंद वाचू शकते. तिच्यापुढे अवघड जागा येते ती माहिती तुटपुंजी असेल तिथे. काहींबद्दल देल्बोला फार थोडे सापडले आणि तिने ते तसेच छापले. अशा नोंदीला दिग्दर्शकाचा हात शिवशिवतो. एखादे स्वगत घालावे, मुलाला लिहिलेले पत्र रचावे, मागे व्हायोलिन लावावे असे वाटते. ते करू नये. दोन ओळी असतील तर दोन ओळी वाचाव्यात आणि पुढचे नाव घ्यावे. त्या बाईच्या आयुष्याचा उरलेला भाग तिच्या मारेकऱ्यांनी नाहीसा केला, हेही प्रेक्षकाला कळायला हवे.