कचेरीतले अकरा महिने आणि दारी येणारी गोळी

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० असे विद्यावेतन ठरले. मुदत ६ महिन्यांची. ती २०२५ साली आणखी ५ महिने वाढली. ज्या घरात रोख पैसा फक्त सुगीला दिसतो, त्या घरास ही रक्कम थोडी नव्हे, आणि आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. परंतु सुताराच्या हाताखाली अकरा महिने राहिलेला पोर निदान चौकट ठोकू लागतो. ग्रामपंचायतीत व कचेरीत फायली लावणारा आमचा पोर काय शिकला? बाराव्या महिन्यात तो एक प्रमाणपत्र घेऊन पुन्हा पारावर येऊन बसला. शिकलेल्यांनी चाकरीकडे डोळे न लावता उपयोगी धंद्यांत पडावे, असे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनला लिहून दिले होते. तो धंदा शिकवणार कोण, हा प्रश्न आजही तसाच पडून आहे.

मग उरते पोलीसभरती. पहाटे सडकेवर पोरे धावतात, दिवसा मोबाईल पाहतात, आणि तिथेच दम वाढवणारी, छाती भरवणारी गोळी त्यांस गाठते. कोणी डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. पुडके थेट दारात. पूर्वी आमच्या वडिलांस ताईत विकणारा निदान समोर बसे, त्याची मानगूट धरता येई. या नव्या ताईतवाल्यास तोंडच नाही!

बापास वाटते, पोर ताकदीचे औषध घेतो. अशा पुष्कळ गोळ्यांत स्टेरॉइड असते. त्याने अंग फुगते खरे, पण काळीज बिघडते, यकृत नासते, आणि पुढे मूल होण्याची शक्तीही जाऊ शकते. भरती हुकली म्हणजे झोप येत नाही, तेव्हा दुसरी गोळी येते. अल्प्राझोलामसारखी ही गोळी दारूबरोबर घेतली तर श्वास थांबून माणूस मरू शकतो. मोबाईलवरून आलेल्या गोळीत पाकिटावर लिहिलेलेच औषध असेल, याचीही हमी नाही.

बायाबापड्यांनो, पोराच्या उशाखालचे पाकीट एकदा हाती घ्या. त्यावर तांबडी रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय विकणे १९४० च्या औषध कायद्याखाली गुन्हा आहे. पोरास मारू नका, आणि रोजची गोळी एकाएकी तोडूही नका, त्यातही जिवास धोका असतो. त्यास पाकिटासह सरकारी दवाखान्यात न्या. पाकीट फेकू नका. जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे तक्रार करताना तोच पुरावा.

आणि सरकारास आमचे मागणे एवढेच, की विद्यावेतन द्यायचेच तर ते कारखान्यात, वर्कशॉपात, उस्तादाच्या हाताखाली द्यावे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. तो तालुक्याच्या गावापर्यंत आणावा. भरतीच्या आधी महिनाभर प्रत्येक तालुक्याच्या मैदानावर एक सरकारी डॉक्टरही बसवावा, म्हणजे पोरे दम कसा वाढवावा हे मोबाईलला न विचारता त्याला विचारतील.