नावाची पागडी

गेल्या रविवारी एका अगदी साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. प्रश्न दोनच शब्दांचा होता. "किती घेशील?"

विचारणारे आमच्या गल्लीतले काका. मुकुंदवाडीत आमच्यापासून चार घरं सोडून राहतात. टुरिस्ट गाड्यांचा धंदा आहे. दोन इनोव्हा, एक टेम्पो ट्रॅव्हलर. वेरूळ, अजिंठा, शिर्डी, शनी शिंगणापूर. (अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हे न बघता लोक विमानाची तिकिटं काढतात आणि मग काकांवर चिडतात, पण तो वेगळा विषय.) तर त्यांच्या पोराला धंद्याची वेबसाईट करायची होती. त्यानं नाव शोधलं, तर ते आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेलं. पानावर "हे नाव विकणे आहे" असं लिहिलेलं आणि खाली एक ईमेल. ईमेल बघून पोरगं हसायलाच लागलं. कारण तो माझा होता.

टपरीवर काकांनी चहा सांगितला आणि थेट विचारलं, "तुझं ते नाव मला पाहिजे. किती घेशील बोल."

मी म्हटलं, "काका, बघतो आणि सांगतो." रोज आठ-नऊ तास कोड लिहिणारा माणूस, पण एक आकडा तोंडातून निघेना.

आता ते नाव माझ्याकडे आलं कसं ते सांगतो. २९ जून २०२२ ची रात्र. ठाकरे मंत्रिमंडळानं शहराच्या 'संभाजीनगर' नावाला मंजुरी दिली, आणि त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामाही दिला. टीव्हीवर सगळं राज्य राजकारण बघत होतं आणि मी लॅपटॉप उघडून डोमेन शोधत बसलो होतो. संभाजीनगर हे नाव बोलण्यात १९८८ पासून आहे, पण आता सरकारी होणार म्हणजे पाट्या बदलणार, व्हिजिटिंग कार्डं बदलणार, वेबसाईटी बदलणार. डोकं लावलं आणि तीन नावं घेतली. एक टूरवाल्यांसाठी, एक प्लॉटवाल्यांसाठी, एक बातम्यांसाठी. एकेकाला साडेआठशे रुपये. स्वतःवर जाम खूश होतो.

पुढे सतराच दिवसांनी, १६ जुलैला, नव्या सरकारनं निर्णय परत घेतला आणि नाव केलं 'छत्रपती संभाजीनगर'. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली तीही याच नावाला. म्हणजे माझ्या तिन्ही नावांत पुढचा शब्दच नाही! औरंगाबाद रोमन लिपीत दहा अक्षरांचं. छत्रपती संभाजीनगर सरळ चोवीस. त्यात छत्रपतीला 'एच' एक की दोन, यावर दुकानांच्या पाट्यांचंही एकमत नाही. डोमेनच्या धंद्यात 'रेडिओ टेस्ट' म्हणून एक प्रकार आहे. नाव नुसतं कानानं ऐकून माणसाला बरोबर टाईप करता आलं पाहिजे. चोवीस अक्षरांचं नाव या परीक्षेत बसणं कठीण, त्यामुळे माझी छोटी नावं उलट बरी ठरतील असं मी मनाला समजावलं. एका वर्षानं दोन सोडून दिली. टूरवालं ठेवलं. दरवर्षी थोडे जास्त पैसे भरत गेलो (पहिलं वर्ष स्वस्त आणि मग नूतनीकरण महाग, हे या बाजाराचं जुनं गणित). आजवर त्या एका नावावर माझे साधारण साडेचार हजार गेलेत.

आता किंमत. पहिला सल्ला आईचा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव कोणाचं, आणि पैसे कोण घेणार?" त्यावर मला काही बोलता आलं नाही. दुसरा सल्ला पुण्यातल्या सहकाऱ्याचा. "दोन लाख सांग, पाऊणला तोड." तिसरा यंत्राचा. नेटवर अशी मूल्यांकन यंत्रं असतात, नाव टाकलं की किंमत सांगतात. त्यानं दीड लाखाच्या आसपास आकडा दिला. हे यंत्र काय करतं? नावातले शब्द तोडतं, असे शब्द असलेली जुनी नावं कितीला गेली ते बघतं आणि सरासरीसारखं काहीतरी काढतं. त्याला 'टूर्स' कळतं. जालना रोडवरचे काका कळत नाहीत.

मोठे आकडे वाचले की आपलंही डोकं फिरतं. 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. 'चॅट डॉट कॉम' २०२३ मध्ये दीड कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं आणि पुढे ओपनएआयकडे पोचलं. हे सगळं खरं आहे. पण त्याच धंद्यातले अनुभवी लोक सांगतात की शंभर नावं धरून बसलात तर वर्षाला एक-दोन विकली जातात. बाकीची नुसती पैसे खातात. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, न लागलेल्यांचा येत नाही.

माझ्या वडिलांचा या बाबतीत एकच दाखला असतो, प्लॉटचा. त्यांनी २० बाय ३० चा प्लॉट घेतला तेव्हा लोक हसले होते, आता विचारायला येतात. "नाव म्हणजे प्लॉटच की, धरून ठेव." मलाही आधी हेच पटायचं. मग लक्षात आलं की उपमाच चुकतेय. प्लॉटला शेजार असतो, रेडी रेकनरचा दर असतो, सातबारा नाहीतर निदान गुंठेवारीचा कागद असतो. आणि मुख्य म्हणजे पैसे एकदाच दिले की तो आपला. डोमेन आपलं कधीच होत नाही. वर्षाचं भाडं भरायचं, थकलं की नाव गेलं. 'डॉट कॉम'ची सगळी यादी व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे आहे. ती प्रत्येक नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घाऊक दर लावते, त्यावर आपला रजिस्ट्रार स्वतःचे चढवतो. म्हणजे आपण भाडेकरू.

आणि भाडेकरूनं जागा दुसऱ्याला सोडताना पैसे घेणं याला आपल्याकडे छान जुना शब्द आहे. पागडी. मुंबईच्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या चालली. आधी चोरून, मग १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तिला रीतसर मान्यता मिळाली. गंमत म्हणजे डोमेनच्या भांडणांची जगभरची नियमावलीही त्याच १९९९ ची. आणि रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून 'रॅडिफ' घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयानं रोखलं तेही १९९९ मध्येच.

तर मुद्दा असा, की मी काकांना जमीन विकत नाहीये. मी वाटेत उभा आहे आणि बाजूला व्हायचे पैसे मागतोय. हे एकदा कबूल केलं की किमतीकडे बघायची नजरच बदलते. वाटेत उभं राहण्याचेही प्रकार असतात.

त्या नियमावलीत एक कलम आहे. नाव मुळात दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं असेल आणि तुम्ही ते मुख्यतः त्यालाच, खिशातून गेलेल्या खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्यासाठी घेतलं असेल, तर तो तुमच्या वाईट हेतूचा पुरावा. 'डॉट इन'च्या नियमांतही हाच अर्थ आहे. म्हणजे आकडा नुसता आकडा राहत नाही, तो तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. कॅनडातल्या माईक रो या सतरा वर्षांच्या मुलाचं प्रकरण आठवत असेल. आडनाव 'रो', म्हणून त्यानं गमतीनं 'माईकरोसॉफ्ट' नाव घेतलं. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी त्याला दहा डॉलर देऊ केले. पोरानं चिडून दहा हजार मागितले, आणि वकिलांनी तोच आकडा धरून त्याला नावं बळकावणारा ठरवलं. २००४ मध्ये बोभाटा झाला तेव्हा कंपनीनं एक्सबॉक्स वगैरे देऊन मिटवलं. मला त्याची मागणी चूक वाटत नाही, अपमान झाला की माणूस असाच बोलतो. पण दहा हजार हा त्या नावाचा हिशेब नव्हता, रागाचा होता.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण 'जिओहॉटस्टार'चं. दोन कंपन्या एकत्र येणार असा अंदाज बांधून दिल्लीच्या एका डेव्हलपरनं २०२३ मध्ये ते नाव घेतलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथेच पत्र टाकलं की माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या आणि नाव घ्या. रक्कम एक कोटीच्या आसपास. कंपनीनं नाही म्हटलं, कायदेशीर कारवाईची भाषा आली, मग दुबईच्या दोन लहान भावंडांनी ते नाव घेऊन कंपनीला फुकट देऊ केलं. त्यावर आमच्या ऑफिसात आठवडाभर वाद चालला होता. अर्धे म्हणायचे, पोरानं डोकं लावलं, अंबानींना कोटी म्हणजे काय? माझं मत तेव्हाही वेगळं होतं. समोरच्याकडे किती आहे आणि आपल्याला किती लागतात, या दोन्हीवरून नावाची किंमत ठरत नाही. फी कितीही खरी असो.

माझं प्रकरण यात बसत नाही, हेही खरं. काकांचा ट्रेडमार्क नाही. शहराचं नाव सगळ्यांचं, 'टूर्स' हा शब्द सगळ्यांचा. 'बार्सिलोना डॉट कॉम' १९९६ मध्ये एका स्पॅनिश जोडप्यानं घेतलं होतं. महापालिका लवादाकडे गेली आणि २००० मध्ये जिंकली, पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं निकाल फिरवला. नुसतं शहराचं नाव म्हणजे ट्रेडमार्क नव्हे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे कायद्यानं मी काकांकडे दोन लाख मागायला मोकळा.

मोकळा आहे म्हणून मागायचे का, हा खरा प्रश्न. सहकारी म्हणाला, "अरे, तुझी दोन नावं बुडाली, त्याचा तोटा यातूनच निघायला हवा ना? सगळे तसंच करतात." करतात खरे. ज्याचा हा पोटापाण्याचा धंदा आहे आणि ज्यानं हजार नावं भरून ठेवलीत, त्याला न विकलेल्या मालाचा भार विकलेल्यावर टाकावाच लागतो. किराणावाला तेच करतो. पण मी एका रात्री हौसेनं तीन नावं घेतलेला माणूस. माझा जुगार काकांनी का भरायचा?

म्हणून मी उलट्या बाजूनं हिशेब केला. मी नाही म्हटलं तर काका काय करतील? 'डॉट इन' घेतील, मध्ये एक रेघ टाकतील, नाहीतर पुढे स्वतःचं आडनाव लावतील. खर्च हजारच्या आत. मग माझ्या नावात जास्तीचं काय? फोनवर एकदाच सांगितलं की कळतं. गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत मावतं. आणि परदेशी पाहुण्यांना, हॉटेलवाल्यांना ईमेल जाताना बरं दिसतं. बास. त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं हॉटेलच्या काउंटरवरून आणि व्हॉट्सॲपवर येतात, हे मला माहीत आहे. अजिंठ्याच्या एका फेरीत डिझेल, ड्रायव्हर जाऊन त्यांच्या हातात हजार-बाराशे उरतात, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. मी किंमत फेऱ्यांत मोजली. दीड लाख म्हणजे सव्वाशेच्या वर फेऱ्या. ते नाव त्यांना जास्तीच्या सव्वाशे फेऱ्या देईल? मला नाही वाटत. दहा-अकरा देईल? सीझनमध्ये सहज.

बारा हजार ठरवले. माझे साडेचार वजा जाऊन साडेसात उरतात, चार वर्षं सांभाळल्याचे. आणखी एक कसोटी लावली. हा आकडा गल्लीत सगळ्यांदेखत, आईसमोर, मोठ्यानं सांगता येईल का? दोन लाख सांगता आले नसते. फुकट द्यावं असंही एकदा मनात आलं, पण फुकट दिलं असतं तर काकांना आयुष्यभर विमानतळावर सोडायचे पैसे माझ्याकडून घेता आले नसते. ते जास्त महाग पडलं असतं त्यांना.

काल संध्याकाळी गेलो आणि सांगितलं. काकांनी आधी संशयानं बघितलं. "एवढेच? काही भानगड नाही ना?" पोरानं त्यांना पन्नास हजारांची तयारी करून ठेवायला सांगितलं होतं म्हणे! मी क्षणभर गप्प. (खोटं कशाला बोलू, चुटपुट लागली.) मग लगेच काका सावरले आणि म्हणाले, "दहा कर."

मी म्हटलं, "काका, बारा म्हणजे बारा. पैसे आत्ता देऊ नका. आधी तुमच्या पोराला रजिस्ट्रारकडे खातं काढू द्या, मी कोड देतो, नाव त्याच्या खात्यात दिसलं की मग द्या. आणि एक लक्षात ठेवा, दरवर्षी ते चालू ठेवायला बाराशे-पंधराशे भरावे लागतील."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"दरवर्षी? अरे मग मी तुझ्याकडून विकत काय घेतलं?"