मोडीत निघालेली विजेती गाडी

वाचकहो, घरातला जुना लाकडी नांगर तुम्ही पाहिला असेल. फाळ चार वेळा बदललेला, रुमणे दोनदा नवे केलेले, हाळीस तर गेल्याच साली सुताराकडून आणलेली. तरी आजोबा छातीवर हात ठेवून सांगतात, "हा माझ्या बापाचा नांगर." आता हे खरे म्हणायचे की खोटे? हा प्रश्न नुसता ओट्यावरच्या गप्पांचा नाही. अमेरिकेत एका मोटारगाडीपायी तो असाच उभा राहिला आणि त्याचा निवाडा करायला एक्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावून आणावे लागले. त्या गाडीची हकीगत आज तुम्हाला सांगायची आहे.

गाडीचे नाव थॉमस फ्लायर. न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचे शहर आहे. तिथल्या ई. आर. थॉमस यांच्या कारखान्यात ती १९०७ साली तयार झाली. चार सिलिंडरचे इंजिन, ताकद साठ अश्वशक्तीची. म्हणजे आजच्या मोठ्या ट्रॅक्टरइतकी, पण गाडी धावायची. मागच्या चाकांना सायकलसारख्या, अर्थात चांगल्या जाडजूड, साखळ्या. वर टप नाही, समोर काच नाही. पाऊस आला की माणसे भिजायची आणि बर्फ पडला की गोठायची. शर्यतीसाठी मुद्दाम घडवलेली ही गाडी नव्हे. गिऱ्हाइकाला विकायला जशी बाहेर पडायची तशीच ती होती. थोडीफार जोडकामे करून शर्यतीत उतरवली, इतकेच.

शर्यत तरी कसली! न्यूयॉर्कहून निघायचे आणि पॅरिसला पोचायचे. मध्ये अटलांटिक समुद्र आहे हे शाळेतले पोर सांगेल. म्हणून या लोकांनी उलटी वाट धरली. अख्खी अमेरिका पूर्वेकडून पश्चिमेला ओलांडायची, वर अलास्कात जायचे, तिथली सामुद्रधुनी हिवाळ्यात गोठते तिच्यावरून गाडी हाकायची आणि सैबेरियातून, रशियातून, जर्मनीतून फ्रान्समध्ये उतरायचे. न्यूयॉर्क टाइम्स आणि पॅरिसचे ल मातँ या दोन वर्तमानपत्रांनी ही शर्यत भरवली. आदल्या वर्षी, १९०७ साली, ल मातँच्याच पुढाकाराने पेकिंग ते पॅरिस अशी गाड्यांची दौड झाली होती आणि इटलीचे राजपुत्र बोर्गेसे यांनी इटाला गाडीतून ती मारली होती. यशाची चटक लागली की माणूस पुढचा डाव मोठा लावतो, तसे झाले.

१२ फेब्रुवारी १९०८ या दिवशी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये सहा गाड्या उभ्या राहिल्या. तीन फ्रान्सच्या, एक जर्मनीची प्रोटॉस, एक इटलीची झुस्ट आणि एक अमेरिकेची थॉमस. पाहायला लाखोंची गर्दी. थॉमससाहेबांनी शर्यतीत उतरायचे अगदी ऐनवेळी ठरवले होते. त्यामुळे कारखान्यातला एक मिस्त्री, जॉर्ज शूस्टर, याला धावतपळत न्यूयॉर्क गाठावे लागले. वय पस्तिशीला आलेले. सुरुवातीला गाडी हाकायला माँटेग्यू रॉबर्ट्‌स नावाचा नावाजलेला ड्रायव्हर होता, शूस्टर मिस्त्री म्हणून बाजूला. पुढे ड्रायव्हर बदलत गेले, माणसे चढली, उतरली. न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत त्या गाडीची साथ न सोडणारा एकच माणूस निघाला, तो हा शूस्टर. शेवटी गाडी त्याच्याच हातात आली.

पहिल्या दिवसापासून बर्फ. एक फ्रेंच गाडी तर न्यूयॉर्क राज्याची हद्द ओलांडायच्या आतच मोडून बसली. शिकागो गाठायला थॉमसला जवळपास दोन आठवडे लागले. फावड्यांनी बर्फ उकरायचा, चार हात पुढे सरकायचे, पुन्हा उकरायचा. जिथे तेही जमेना तिथे शेतकऱ्यांचे घोडे जुंपायचे. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढायला शेवटी शेजाऱ्याची बैलजोडीच लागते, हे आपल्याला काही नवे नाही. पश्चिमेकडे तर रस्ताच नव्हता. मग रेल्वे कंपनीची परवानगी काढून गाडी लोहमार्गावर चढवली आणि रुळांखालच्या लाकडी पाटांवरून कोस न् कोस धक्के खात नेली. त्या धक्क्यांनी गाडीच्या हाडांचे काय झाले असेल ते ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

एवढे सोसून ४१ दिवसांत थॉमस सॅनफ्रान्सिस्कोला पोचली. भर हिवाळ्यात अमेरिका आडवी ओलांडणारी ही पहिली मोटार. तिथून बोटीने अलास्काला. अलास्कात पाहतात तो बर्फ असा की गाडी चालणे दूरच, ती दिसायचीही नाही. गोठलेल्या समुद्रावरून जायचा बेत तिथेच बारगळला. थॉमस माघारी आली, जपानमार्गे व्लादिवोस्तोकला उतरली आणि मे महिन्यात सैबेरियाच्या वाटेला लागली.

आता बर्फाऐवजी चिखल. व्लादिवोस्तोकहून निघाल्यावर थोड्याच अंतरावर जर्मनांची प्रोटॉस चिखलात रुतलेली दिसली. वैऱ्याची गाडी फसलीय, आपण पुढे सटकावे, असा विचार शूस्टर आणि मंडळींनी केला नाही. दोर बांधून ती बाहेर ओढून काढली. प्रोटॉसवरचे लेफ्टनंट कोपेन यांनी तिथल्या तिथे शॅम्पेनची बाटली फोडून त्यांचे आभार मानले. शर्यतीत चढाओढ असावी ती अशी, असे मला तरी वाटते. पुढे थॉमसच्याच गिअरने दगा दिला, दुरुस्तीत दिवस गेले आणि जर्मन पुढे निघून गेले.

२६ जुलैला प्रोटॉस पॅरिसला पोचली. थॉमस चार दिवसांनी, ३० जुलैच्या संध्याकाळी. तिथेही एक गंमत झाली. पॅरिसच्या पोलिसाने गाडी अडवली. कारण काय, तर पुढचा दिवा नाही! अर्धी पृथ्वी पालथी घालून आलेली गाडी, आणि कायदा बघा. जवळच एक सायकलवाला उभा होता. त्याच्या सायकलला दिवा होता. मग ती सायकलच उचलून गाडीवर ठेवली आणि थॉमस मुक्कामाला गेली.

उशिरा आलेली गाडी जिंकली कशी, असे तुम्ही विचाराल. प्रोटॉसने अमेरिकेतला काही पल्ला आगगाडीवर चढून काटला होता, त्याबद्दल तिला पंधरा दिवसांचा दंड. थॉमस अलास्काला जाऊन आली, प्रोटॉस गेली नव्हती, त्याचे आणखी पंधरा दिवस. वजाबाकी करा. थॉमस २६ दिवसांनी पुढे. न्यूयॉर्क ते पॅरिस १६९ दिवस आणि त्यात स्वतःच्या चाकांवर कापलेले अंतर २१ हजार किलोमीटरांवर.

मायदेशी मिरवणुका निघाल्या. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या मंडळींना घरी भेटीला बोलावले. थॉमससाहेब खूश होऊन शूस्टरला म्हणाले, आपला कारखाना आहे तोवर तुला नोकरी आहे. वचन खोटे नव्हते, पण कारखानाच फार दिवस टिकला नाही. चार वर्षांत तो कर्जात बुडाला आणि १९१३ साली त्याचा लिलाव झाला. इंजिने, यंत्रे, सुटे भाग, कपाटे, सगळे मांडून ठेवले. त्या यादीत १८२९ नंबरचा माल होता 'न्यूयॉर्क ते पॅरिसची प्रसिद्ध शर्यतगाडी'. पाच वर्षांपूर्वी जिच्यापुढे बँड वाजले ती आता लेथ मशिनांच्या आणि नट-बोल्टांच्या रांगेत एक आकडा होऊन उभी होती.

बफेलोच्याच फिनेगन नावाच्या गृहस्थाने ती घेतली. त्यानंतर पुढची तीसेक वर्षे गाडीकडे फारसे कुणी पाहिले नाही. मोटारींची जात झपाट्याने बदलत होती. दहा वर्षांची जुनी गाडी तेव्हा कुणाला नको होती. ती ना धड नवी, ना धड कौतुकाची. अशा काळात कितीतरी नामवंत गाड्या लोखंडाच्या भावाने वितळल्या, त्यात दोन महायुद्धे आली, लोखंडाला मागणी आली. ही वाचली हा योगच. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील हेन्री ऑस्टिन क्लार्क या जुन्या गाड्यांच्या शौकिनाने ती आपल्या संग्रहात आणली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथून ती पार पश्चिमेला, नेवाडा राज्यातल्या रेनो शहरी, बिल हॅरा यांच्याकडे गेली. हे हॅरा जुगारघरांचे धनी. पैसा जुगारातला, पण खर्च करायची रीत मात्र वेगळी. त्यांनी चौदाशेच्या आसपास जुन्या गाड्या जमवल्या होत्या आणि त्या दुरुस्त करायला खास कारागीर ठेवले होते.

आणि इथे नांगराचा प्रश्न उभा राहिला. थॉमस कंपनीने या जातीच्या गाड्या पुष्कळ काढल्या होत्या. कारखाना बुडून पन्नास वर्षे झालेली. हाती आलेली गाडी दुरवस्थेत. ही तीच गाडी, की तिची एखादी बहीण? पाटी काय, कुणीही ठोकतो. सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना तुम्ही कागदावरचा चेसी नंबर आणि लोखंडावरचा नंबर ताडून बघता ना? (बघत नसाल तर आजपासून बघा.) इथे कागदांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा जो माणूस त्या गाडीखाली सैबेरियाच्या चिखलात झोपून काम करत होता, त्यालाच विचारायचे ठरले.

शूस्टर हयात होता. बफेलोजवळच्या स्प्रिंगव्हिल गावात राहत होता. १९६४ साली, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, तो रेनोला आला. हॅरांच्या कारागिरांनी गाडी उघडून ठेवली होती. म्हाताऱ्याने रंग बघितला नाही, दिवे बघितले नाहीत, कारण ते सगळे बदलता येते. त्याने बघितली ती दुरुस्तीची कामे. वाटेत जिथे तडा गेला होता आणि जिथे त्याने स्वतः हाताने जोडकाम केले होते, त्या जागा. त्या खुणा लोखंडात तशाच होत्या. छप्पन्न वर्षांपूर्वी आडरानात घाईघाईने केलेले ठिगळ हाच त्या गाडीचा जन्मदाखला ठरला. शूस्टरने सांगितले, हीच ती.

मला यात नवल वाटते ते हे. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ती गाडी आणि तिच्या बहिणी सारख्याच होत्या, कुणाला ओळखू आल्या नसत्या. तिला वेगळे केले ते मोडण्याने आणि सांधण्याने. गोधडीचे तसेच असते. बाजारात दोन लुगडी एका ताग्यातली, पण त्यांच्या गोधड्या झाल्या की आपल्या घरची कुठली हे आईला अंधारात हात लावूनही कळते. ते तिच्या टाक्यावरून.

हॅरांनीही एक शहाणपण केले. त्यांच्याकडच्या बाकीच्या गाड्या आरशासारख्या चकचकीत करायची रीत होती. ही मात्र तशी केली नाही. ३० जुलै १९०८ रोजी पॅरिसला शिरताना ती जशी मळलेली, झिजलेली होती, तशी दिसावी असे काम करवून घेतले. नवी कोरी केली असती तर तिचे सगळे बोलणेच बंद पडले असते.

शूस्टरचा आणखी एक हिशोब बाकी होता. शर्यत जिंकणाऱ्याला अमेरिकेच्या ऑटोमोबाइल क्लबकडून एक हजार डॉलर मिळायचे होते, ते कधी मिळालेच नव्हते. १९६८ साली, शर्यतीला साठ वर्षे झाली तेव्हा, न्यूयॉर्क टाइम्सने ती रक्कम त्याला दिली. शूस्टर तेव्हा पंचाण्णव वर्षांचा. १९०८ साली हजार डॉलरला जी किंमत होती ती १९६८ साली राहिली नव्हती, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. उसाचे बिल दोन वर्षांनी हाती येते तेव्हा त्याचे काय होते ते घरोघर माहीत आहे. तरी येणे वसूल झाले. १९७२ साली, नव्व्याण्णव वर्षांचा होऊन, तो वारला.

गाडीवर मात्र आणखी एक संकट यायचे होते. १९७८ साली हॅरा वारले. पुढे त्यांचा धंदा हॉलिडे इन या मोठ्या कंपनीने घेतला आणि गाड्यांचा हा पसारा तिला जड झाला. १९८०च्या दशकात लिलाव सुरू झाले. हजारावर गाड्या देशोदेशी पांगल्या. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा पावणेदोनशेच्या घरातल्या गाड्या एका संग्रहालयासाठी दान म्हणून बाजूला काढल्या. त्यांत थॉमस फ्लायर होती. एकदा लिलावात १८२९ नंबरचा माल झालेली गाडी दुसऱ्यांदा हातोड्याखाली गेली नाही. रेनोचे नॅशनल ऑटोमोबाइल म्युझियम १९८९ साली उघडले आणि तेव्हापासून ती तिथे आहे. चिखलातून ओढून काढलेली जर्मनांची प्रोटॉसही वाचली आहे, ती म्युनिकच्या जर्मन संग्रहालयाकडे.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, पुतण्या, जावई शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत असेल तर त्याला फोनवर सांगा. रेनोकडे जाणे झाले तर ही गाडी बघून ये म्हणावे. पण लांबून फोटो काढून परतू नकोस. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मार आणि साखळ्या, पाटे, सांधे नीट निरखून बघ.