परतीचे तिकीट

युरोपातील स्वस्त विमानसेवांविषयी सुशिक्षित वर्तुळांत बोलले जाते ते बहुधा नाक मुरडूनच. पुढच्या आसनाला टेकणारे गुडघे, पाण्याच्या बाटलीलाही पैसे, आणि ‘पॅरिस’ म्हणून विकला जाणारा, पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवरचा बोव्हेचा विमानतळ! यातले काहीच खोटे नाही. परंतु या सेवांचे आकर्षण निव्वळ काटकसरीने उलगडत नाही. त्यांनी जाण्यापेक्षा परतण्याचा अर्थ अधिक बदलला, असे माझे मत आहे.

त्यासाठी आयर्लंडकडे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला निघालेल्या माणसाला निरोप देण्यासाठी आदल्या रात्री तेथे आप्तेष्ट जमत, त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. ‘वेक’ म्हणजे मृतदेहाशेजारी जागवलेली रात्र. माणूस जिवंत, पण तो परतणार नाही हे सर्वांनी धरून चाललेले. आयरिश साहित्यातील देशत्यागाच्या आशयसूत्रामागे हा अनुभव उभा आहे. जेम्स जॉइसने १९०४ मध्ये डब्लिन सोडले. १९१२ नंतर तो तेथे कधीही परतला नाही, आणि लिहीत मात्र राहिला डब्लिनविषयीच. त्याच्या न परतण्याला भाड्यापलीकडची कारणे होती, हे मान्य. तरी अंतराला तेव्हा जे वजन होते, ते त्या लेखनात जाणवते.

त्याच आयर्लंडमधील रायनएअरने १९८६ मध्ये डब्लिन ते लूटन या मार्गावर प्रस्थापित कंपन्यांच्या निम्म्याहून कमी भाडे ठेवले. १९९० च्या दशकात युरोपीय संघाने हवाई बाजारपेठ खुली केली. एकाच जातीची विमाने, उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उड्डाण, दुय्यम विमानतळ आणि दलालाविना तिकीटविक्री हे गणित मग सर्वत्र पसरले. मे २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला. त्याच महिन्यात विझ एअरचे पहिले विमान कातोवित्सेहून लूटनला गेले. इंग्लंडमध्ये विटा रचणारा किंवा वृद्धांची शुश्रूषा करणारा पोलिश माणूस आता आईच्या आजारपणात दोन दिवसांसाठी घरी जाऊ शकत होता. गाव सोडणे म्हणजे गावाला मुकणे, हे समीकरण सैल झाले.

मराठी वाचकाला युरोप भेटला तो प्रवासवर्णनांतून. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकाचे नावच ‘अपूर्वाई’. आयुष्यात एकदा घडणाऱ्या प्रवासाच्या या संस्कारामुळे आपण प्रवासात अपूर्वता शोधतो, आणि ती नसली की त्याला उथळ ठरवतो. नित्याचा झालेला प्रवास कदाचित प्रवासवर्णनाला मारक असेल. माणसाला तो मारक नाही.

खरा आक्षेप अभिरुचीचा नसून पर्यावरणाचा आहे, आणि तो गंभीर आहे. २००३ च्या युरोपीय निर्देशाने व्यापारी विमानांच्या इंधनाला करमाफी दिली. २०१८ च्या आकडेवारीत, एरवी कोळशाच्या वीजकेंद्रांनी भरलेल्या युरोपातील पहिल्या दहा प्रदूषकांच्या यादीत रायनएअरही आली. म्हणजे या स्वस्ताईचा काही भाग उधारीचा आहे, आणि ती उधारी फेडलीच पाहिजे. इंधनावर कर लागावा. पण ऐसपैस, महागड्या आसनावरील प्रवाशाच्या वाट्याला अधिक जागा आणि म्हणून अधिक धूर येतो, हे ध्यानात ठेवून लागावा. दाटीवाटीने बसून आईला भेटायला निघालेल्यांकडे बोट दाखवणे सोपे आहे. त्याला पर्यावरणाची चिंता म्हणता येणार नाही.