झिऱ्यावर या, पण माळावरून या

परीक्षा संपल्या की बिदरच्या रस्त्यांना गाड्यांची रीघ लागते. उदगीर, देगलूर, निलंगा, लातूर. तिकडून जहीराबाद, हैदराबाद. फेरी ठरलेली असते. सकाळी किल्ला, उन्हं चढली की नरसिंह झिऱ्याच्या गुहेतलं पाणी, मग पापनाशाचं दर्शन, गुरुद्वाऱ्यात लंगर आणि परतताना अष्टूरचे घुमट. बिदरच्याच मैलूर भागातल्या आम्हा मैलूरकरांची याबद्दल काही तक्रार नाही. पाहुणे येतात म्हणून उसाच्या रसाच्या गाड्यापासून लॉजवाल्यापर्यंत अनेकांची चूल पेटते. तरीही सुट्या लागायच्या आत हे आवाहन करतोय, कारण एकदा गर्दी लोटली की ऐकायला कुणाला सवड नसते, आणि पाडव्यापासून मृगापर्यंतचा काळ इथल्या पाण्याला सगळ्यात अवघड जातो.

विनंती साधी आहे. झिरे बघायला जरूर या, मुलाबाळांना घेऊन या. पण थेट झिऱ्याच्या पायऱ्यांपाशी गाडी लावून, आंघोळ उरकून, तसेच माघारी जाऊ नका. एक सकाळ वरच्या माळासाठी काढा. तो माळ पाहिल्याशिवाय खालचं पाणी कळत नाही, आणि सध्या जे काही बिघडतंय ते वर बिघडतंय.

बिदर जांभ्याच्या पठारावर वसलेलं आहे. वरचा जांभा तांबडा, जाळीदार, भोकाभोकांचा. त्याच्या खाली पांढुरकी चिकण माती, आणि तळाशी मराठवाडाभर पसरलेला तोच काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून झपाट्याने खाली उतरतं, चिकण मातीला लागलं की अडतं आणि मग आडवं सरकत पठाराच्या कडेला येतं. कड जिथे तुटलेली असेल तिथे ते बाहेर पडतं. पापनाशाच्या कुंडात येणारं पाणी, गुरू नानक झिऱ्याचं पाणी, नरसिंहाच्या बोगद्यात साठणारं पाणी, हे सगळं या एकाच व्यवस्थेतून येतं. गुरू नानक सोळाव्या शतकाच्या आरंभी दक्षिणेच्या यात्रेत इथे आले तेव्हा लोक गोड्या पाण्यासाठी तळमळत होते आणि त्यांनी दगड बाजूला सारताच झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. पापनाशाचं शिवलिंग रामाने स्थापलं, असं तिथे सांगतात. देव कुणाचाही असो, पाणी त्याच माळाचं. आणि या पाण्यावर कन्नड, मराठी, उर्दू, पंजाबी बोलणारे एकाच रांगेत बाटल्या भरतात. भाषेवरून इथे भांडण झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

माळ ही टाकी आणि झिरा हा तिचा नळ. आपण नळाला हार घालतो, फरशी बसवतो, रोषणाई करतो, आणि टाकीला भोकं पाडतो.

बहमनींची राजधानी पंधराव्या शतकात कलबुर्गीहून बिदरला आली, तेव्हा पाण्याची सोय पाहणाऱ्यांनी हे गणित नेमकं ओळखलं होतं. शहराबाहेर नौबादला त्याचा पुरावा आहे. तिथली करेझ म्हणजे जमिनीखालून हलक्या उताराने नेलेला बोगदा. वरच्या अंगाला पाणी झिरपवणारी मूळ विहीर आणि मधे ठरावीक अंतरावर उजेडासाठी, हवेसाठी, गाळ काढण्यासाठी उभी भुयारं. मोट नाही, पंप नाही, उतार तेवढा राखायचा. औरंगाबादची नहर-ए-अंबरी आणि बऱ्हाणपूरची कुंडी भंडारा ज्यांनी पाहिलीय त्यांना ही विद्या ओळखीची वाटेल. इराणमधल्या अशा बोगद्यांना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारशात घेतलं. दख्खनच्या ऐतिहासिक जलव्यवस्था वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या २०२० च्या यादीत आल्या, आणि ती यादी धोक्यात असलेल्या वारशाची असते. नौबादची भुयारं वर्षानुवर्षं कचऱ्याने आणि राडारोड्याने बुजत गेली होती. भूगोलाचे प्राध्यापक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी ती शोधून, मोजून, नकाशावर आणली. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने सफाई हाती घेतली.

२०१६ चा उन्हाळा या भागात कुणी विसरलेलं नाही. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते त्याच एप्रिलमध्ये. बिदरलाही घशाला कोरड होती. तेव्हाचे जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांनी लोकांना सोबत घेऊन तलाव, जुन्या विहिरी उपसायला घेतल्या. ज्यांना आपण गावाची कचराकुंडी केलं होतं त्याच विहिरींनी पहिल्या बऱ्या पावसात पाणी धरलं. एवढं डोळ्यांसमोर घडूनही नंतर चांगला पाऊस झाला आणि आपण सगळेच पुन्हा निवांत झालो.

आता माळाकडे या. सरकारी दप्तरात या जमिनीला फारसा मान नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर पोटखराब लिहितात, आमच्याकडे पहाणीवर खराब. दप्तराने खराब म्हटलं की मुरूम उपसायला, राडा टाकायला, आणि पुढे चुना मारून प्लॉट पाडायला मोकळी जागा! लेआउटच्या जाहिरातीत ‘झऱ्याजवळ, निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहिलेलं असतं आणि लेआउटचे रस्ते मात्र झऱ्याच्याच वाटेवर काँक्रीट घालतात. त्यात प्रत्येक घराला वेगळं बोअर. केसिंग नीट न घालता खोल नेलेलं बोअर चिकण मातीच्या थरालाच भोक पाडतं, आणि कडेला यायचं ते पाणी खालच्या कातळाच्या भेगांत हरवतं. बोअरला पाणी लागलं म्हणून पेढे वाटले जातात. खाली झिऱ्याची धार बारीक होते, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही.

याच ‘खराब’ जमिनीवर काळवीट राहतं. नर काळा, पिळाची शिंगं मिरवणारा, माद्या बदामी. दख्खनच्या कोरड्या गवताळ माळावर त्याचा जन्म जातो, त्याला दाट जंगल मानवतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. पण वाघ बघायला ताडोब्याला हजारो रुपये मोजणारे आपण, बिदरच्या आसपास रस्त्यावरून दिसणाऱ्या काळविटाकडे गाडीचा वेगही कमी न करता बघतो. पहाटे या. सूर्य वर यायच्या आत रस्त्याच्या कडेला थांबा, इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं काही बोलू नका. कळपातलं एक जरी बिचकलं तरी बाकीची एकामागून एक सरळ हवेत उसळी घेतात. ते दृश्य मुलांना एकदा दाखवा, मग पाठ्यपुस्तकात ‘पडीक जमीन’ हा शब्द आला की ती स्वतःहून प्रश्न विचारतील. चंडोल, तितर, माळटिटवी, धाविक हीही याच माळाची मंडळी. कोल्हा, खोकड, घोरपड, क्वचित लांडगाही. उन्हाळ्यात या सगळ्यांना पाण्याला यावंच लागतं, आणि ती वेळ म्हणजे नेमकी आपली सहलीची वेळ, दिवस कलला की.

म्हणून पहिली गोष्ट: माळाच्या पायथ्याचे पाणवठे चार वाजल्यानंतर मोकळे सोडा. देवळात, गुरुद्वाऱ्यात जा, तिथे कुणाची आडकाठी नाही. पण उघड्या ओढ्याच्या, तळ्याच्या काठी सतरंजी पसरून अंधार पडेपर्यंत स्पीकर लावून बसू नका. तुम्ही उठेपर्यंत ती जनावरं लांब उभी राहतात, आणि कित्येकदा तहानलेलीच परततात. जीप गवतात घालू नका, ड्रोन उडवू नका, घरचं कुत्रं मोकळं सोडू नका. वाळल्या गवतात विडीचं थोटूक टाकणाऱ्याला तिथल्या तिथे टोका. माळ पेटला की पाखरांची अंडी आधी जळतात. माकडांना बिस्किटं घालून पुण्य लागत नाही, पुढच्या बाईच्या हातातली पिशवी तेवढी जाते.

नरसिंह झिऱ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. सुमारे तीनशे मीटरचा तो बोगदा, कमरेपासून छातीपर्यंत पाणी, खांद्यावर लेकरं घेतलेले बाप आणि टोकाला नरसिंह. हा अनुभव दुसरीकडे मिळायचा नाही. पण डोक्यावर छताला वटवाघळं टांगलेली असतात, आणि तो बोगदा आपल्याआधी त्यांचा आहे. आत शिट्ट्या, आरोळ्या, मोबाईलचे झगझगीत दिवे नकोत. आत हवाही मोजकीच असते. उदबत्ती-कापूर पेटवून ती आणखी कोंदट करू नका, दमेकऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी बाहेरूनच हात जोडावेत. अंगाला साबण-तेल लावून उतरू नका. पाणी कमी आहे म्हणून किंवा दुसऱ्या कारणाने गुहा बंद ठेवली असेल, तर दारावर वाद घालू नका. ‘आम्ही लातूरहून आलोय’ म्हटल्याने झिऱ्याला पाणी येत नाही.

दुसरी गोष्ट इथे राहणाऱ्यांसाठी, म्हणजे आमच्यासाठी. पावसाळा आला की वनमहोत्सव येतो, आणि शाळा, बँका, क्लब खड्डे खणत माळावर चढतात. हेतू चांगला असतो, पण माळावर दाट झाडी लावणं म्हणजे काळविटाला घरातून काढणं. गवताळ माळ हीच त्या जागेची पूर्ण वाढलेली अवस्था आहे, तिथे काही उणं नाही. झाडं लावायची तर शहरात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, मैलूरच्या उन्हात भाजणाऱ्या गल्ल्यांत लावा; वड, पिंपळ, करंज, कडुनिंब, जागा पुष्कळ आहे. माळाला फक्त गवत राहू द्या. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ योजनेत झऱ्यांच्या वरच्या उतारावर चर खणून पाणी मुरवलं, आणि आटत आलेल्या कित्येक धारा परत वाहत्या झाल्या. आपली जमीन वेगळी, म्हणून नक्कल करायची नाही. पण काम झऱ्यापाशी नाही तर त्याच्या माथ्यावर करायचं, एवढं तिथून घेता येईल.

कागदाचं कामही आहे, आणि ते कंटाळवाणं असलं तरी सगळ्यात टिकाऊ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकांची जैवविविधता नोंदवही हवी. येत्या ग्रामसभेत ती वही मागा. त्यात आपल्या गावचा झिरा आहे का, बारव आहे का, काळविटांचा माळ आहे का, हे वाचून घ्या. नसेल तर लिहून द्या. म्हातारी माणसं जिवंत आहेत तोवर कुठला झरा कधीपर्यंत वाहत होता हे त्यांना विचारून घ्या. प्लॉट घेताना भाव आणि हप्ता विचारता, तसं आधी तिथे ओढा होता का, करेझचं भुयार होतं का हेही विचारा. गवंड्यांनी, कंत्राटदारांनी राडा जुन्या विहिरीत लोटला तर गप्प बसू नका.

बिदरहून पुढे जायचं असेल तर चिंचोळी जवळच आहे. कलबुर्गी जिल्ह्यातलं हे १३४.८८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. तिथला चंद्रमपल्लीचा जलाशय, एट्टीपोताचा धबधबा बघण्यासारखे आहेत. नियम तेच, फक्त तिथे वनखात्याची परवानगी आणि वेळ आधी विचारून जा.

शेवटी एक अगदी तातडीचं. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला लांब जाते. ते एकटं दिसलं म्हणजे सोडून दिलेलं नसतं. दरवर्षी कुणी ना कुणी दया येऊन असं पाडस घरी आणतं, गाईचं दूध पाजतं आणि दोन-तीन दिवसांत ते दगावतं. हात लावू नका, फोटोसाठी घोळका करू नका, आल्या पावली मागे व्हा. जखमी असेल, कुत्री लागली असतील किंवा विहिरीत पडलं असेल, तरच थांबा, लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या मदतवाहिनीला कळवा. तो नंबर लागला नाही तर ११२ लावा. जागा सांगताना जवळचा मैलाचा दगड किंवा विजेच्या खांबाचा नंबर सांगा; ‘माळावर, बाभळीजवळ’ एवढ्याने कुणी पोहोचत नाही.