'ताजी' मासळी आणि आपला भाबडेपणा

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार जोडून येवल्याला घरी गेलो होतो. बाबांनी हौसेने बांगडे आणले. "एकदम ताजे आहेत, मुंबईचा माल!" जेवण झालं आणि अर्ध्या तासात बाबांचा चेहरा लालबुंद, अंगावर गांधी, डोकं ठणकतंय. डॉक्टर म्हणाले, मासळीतलं हिस्टामाइन असणार. संध्याकाळपर्यंत ओसरलं, पण माझं डोकं काही शांत होईना.

कारण याच बाबांना मी पुण्याहून फ्रोझन मासळी आणू का विचारलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "असलं शिळं कोण खाणार?"

तर मंडळी, शिळं नक्की काय? आपले बहुतेक ट्रॉलर पकडलेली मासळी नुसत्या बर्फात ठेवतात आणि कित्येक दिवसांनी बंदरावर येतात. मग लिलाव, टेम्पो, अडीचशे किलोमीटरचा रस्ता आणि शेवटी येवल्यातली उन्हातली पाटी. या प्रवासात बर्फ कमी पडला की बांगड्यात जिवाणू हिस्टामाइन तयार करतात. ते एकदा झालं की कितीही उकळा, तळा, जात नाही. आणि नंतर फ्रीझरमध्ये टाकूनही जात नाही! म्हणजे थंडी सुरुवातीलाच हवी. आमच्या धंद्यात सांगायचं तर हा बग प्रॉडक्शनला गेल्यावर फिक्स होत नाही.

जगाला हे कधीच कळलं. 'फेअरट्राय' हे ब्रिटिश जहाज 1954 पासून मासळी समुद्रातच साफ करून गोठवत होतं. आपल्याकडे निर्यातीची कोळंबी किनाऱ्यावरच्या कारखान्यात उणे 35-40 अंशांच्या हवेत किंवा प्लेट फ्रीझरमध्ये झटपट गोठवतात आणि उणे 18 ला ठेवतात. 1997 मध्ये युरोपने अस्वच्छतेवरून आपल्या मासळीवर बंदी घातली, तेव्हा हेच कारखाने धडाधड सुधारले. 2023-24 मध्ये भारताने सुमारे 17.8 लाख टन सागरी माल निर्यात केला, 60 हजार कोटींहून जास्त किमतीचा. त्यात किमतीने सर्वात मोठा वाटा फ्रोझन कोळंबीचा.

म्हणजे शिस्त आपल्याला जमते. फक्त ती परदेशी गिऱ्हाइकासाठी! घरच्यांसाठी मात्र 'ताजी' हा शब्द पुरतो. मासळी ताजी 'दिसावी' हा हट्ट धरला की काय होतं? 2018 मध्ये गोव्यात फॉर्मलिनवरून गदारोळ झाला आणि सरकारला बाहेरून येणारी मासळी काही दिवस थांबवावी लागली.

"पण फ्रोझन मासा पिचपिचीत लागतो." लागतो ना! सावकाश गोठवला की बर्फाचे मोठे स्फटिक होऊन मांस फाटतं. वितळवून पुन्हा गोठवला की संपलंच. हा दोष निष्काळजीपणाचा आहे, गोठवण्याचा नाही.

आणि हे नाशिक जिल्ह्यात समजावून सांगावं लागावं? इथला द्राक्षवाला निर्यातीचा माल तोडल्यावर काही तासांत प्री-कूलिंगला नेतो. त्याला कोणी 'शिळी द्राक्षं' म्हणतं का?

खरं तर आजीचं सुकट-बोंबील या 'ताज्या' बांगड्यापेक्षा प्रामाणिक. ते ताजं असल्याचं सोंग तरी करत नाही.

असो. पुढच्या वेळी गालफडं उचकटून बघण्याआधी मासळीवाल्याला एवढंच विचारा : धरल्यापासून किती दिवस झाले, आणि तेवढे दिवस ही थंड होती का? उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी पिठलं करा.