पिवळ्या काठाची हिरवी पाने

उतारवयात बागेची हौस कमी होत नाही. कमी होते ती वाकण्याची, उचलण्याची आणि नित्य पाणी घालण्याची शक्ती. गुडघे कुरकुरू लागले की घरच्या कुंड्या एकेक करून इतरांना दिल्या जातात आणि त्यांच्याबरोबर दिवसाचे एक आवडते कामही हातातून जाते. ते सुटू द्यावयाचे नसेल, तर झाडांची निवड बदलावी. रोपवाटिकेत ‘स्नेक प्लांट’ या नावाने मिळणारी सान्सेव्हिएरिया ही बहुवर्षायू वनस्पती अशा वेळी विचारात घेण्याजोगी आहे.

मूळची आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातील ही वनस्पती आपल्याकडे चांगली रुळली आहे. तिच्या ‘लॉरेन्टी’ या प्रकारात गर्द हिरव्या पानांवर फिकट आडवे पट्टे असतात आणि दोन्ही कडांना लुगड्याच्या काठासारखी पिवळी किनार असते. जाड पाने आणि जमिनीखालचे खोड पाणी साठवून ठेवतात. शिवाय पानांवरील सूक्ष्म रंध्रे मुख्यतः रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे बाष्परूपाने पाणी फारसे उडून जात नाही.

या गुणामुळेच ‘हे झाड रात्री प्राणवायू देते’ असा समज पसरला. वस्तुतः रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेते; प्राणवायू तयार होण्यास प्रकाशच लागतो. हवा शुद्ध होते हा समजही तपासून घ्यावा. ‘नासा’चा 1989 चा प्रयोग लहान, बंद पेट्यांमध्ये झाला होता. अशा अनेक प्रयोगांचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. खोलीत नेहमी खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधावयाचा, तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असे त्यातून दिसले. दम्याच्या रुग्णाने म्हणूनच कुंडीवर विसंबू नये. मोकळी हवा आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले औषध यांना पर्याय नाही.

जोपासना सोपी आहे. बागेची माती, जाड वाळू आणि थोडे गांडूळखत यांचे मिश्रण, तळाला छिद्र असलेली कुंडी आणि पूर्वेच्या खिडकीजवळची उजेडाची जागा एवढे पुरे. पाणी देण्यापूर्वी लाकडी काडी मातीत खोलवर खुपसावी. ती कोरडी निघाली तरच पाणी घालावे. उन्हाळ्यात साधारण दहा-बारा दिवसांनी आणि हिवाळ्यात तीन आठवड्यांनी पाणी लागते. पावसाळ्यात कुंडी आडोशाला ठेवावी. हे झाड तहानेने क्वचितच मरते; अतिपाण्याने मात्र मुळाशी कुजते. विस्मरण असलेली व्यक्ती पुन्हा पुन्हा पाणी घालत असेल, तर दिनदर्शिकेवर पाण्याच्या तारखांना खूण करून ठेवावी. तिला अडवण्यापेक्षा इतर दिवशी ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसण्याचे काम द्यावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी काही गोष्टी जपाव्यात. कुंडी बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर, भक्कम स्टुलावर ठेवावी. ज्येष्ठांनी ती उचलू नये. मात्र पानांची टोके ताठ असतात. वाकताना ती डोळ्यांना लागणार नाहीत इतके अंतर राखावे. फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे, कारण घसरून पडणे या वयात महागात पडते. बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. पानांतील सॅपोनिन या द्रव्यामुळे ती चघळल्यास मळमळ, उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. म्हणून लहान मुले, मांजर-कुत्री आणि हाती येईल ते तोंडात घालणारे रुग्ण यांच्यापासून झाड दूर ठेवावे.

वर्षा-दोन वर्षांत कुंडी भरली की नवी रोपे करता येतात. पानाचा तुकडा लावला तरी रोप उगवते, पण त्याला पिवळी किनार येत नाही. किनार टिकवावयाची, तर जमिनीखालच्या खोडासह फुटवाच वेगळा करावा, काप एक-दोन दिवस सुकू द्यावा आणि मग लावावा. सुरी घरातील तरुणाने चालवावी. कोणता फुटवा घ्यावा आणि तो कोणाच्या घरी द्यावा, हे मात्र आजी-आजोबांनी ठरवावे.